मोठा शेक

"ताई, तुम्हाला छोटा कोर्स देते," पंकजा मॅडम फाईल मिटत म्हणाल्या. "तीन आठवड्यांत रेडिएशनचा शेक संपला. दसऱ्याच्या आत तुम्ही मोकळ्या."

बिभीषणचा चेहरा एकदम उजळला. बायकोच्या स्तनातल्या गाठीच्या ऑपरेशनपासून नगरचे हेलपाटे घालून तो मेटाकुटीला आला होता. डॉक्टरच्या तोंडून कधी काही लवकर संपल्याचं ऐकायला मिळेल, ही आशाच त्याने सोडली होती. त्याने हसून पुष्पावतीकडे बघितलं. ती ऑपरेशनच्या बाजूचा हात पदराखाली धरून बसली होती.

"मला मोठा द्या, म्याडम."

"मोठा?"

"पाच आठवड्याचा. तसला बी आसतो म्हनं."

मॅडम हसल्या. थोडक्यात आटोपलं की डॉक्टरनं काटा मारला असं बायकांना वाटतं, हे त्यांना रोजचंच असावं. "दोन्हींत गुण सारखाच, ताई. छोट्यात रोजचा शेक जरा जास्त असतो, एवढंच. कातडी कमी भाजते, खेपा वाचतात. हल्ली आम्ही बहुतेकींना हाच देतो. माझी आई असती तरी हाच दिला असता."

"ऐकलं का?" बिभीषण म्हणाला. "सवताच्या आईचं सांगत्यात त्या. आन् तुझं काय मधीच?"

पुष्पावतीने एकवार नवऱ्याकडे बघून मान खाली घातली. ते बघणं मॅडमना काहीतरी सांगून गेलं असणार. त्यांनी केसपेपरवर शिक्का आणायला बिभीषणला खालच्या खिडकीवर पाठवलं.

दार लागलं तशी ती घाईघाईने बोलू लागली. "तुमच्या शेकावर माझा इस्वास हाय. पन दसऱ्याला आमची टोळी कारखान्यावर निघती. मी मोकळी झाले की माझी पोरगी बी मोकळी. मग तिला नेनार, अर्ध्या कोयत्याला."

"अर्धा कोयता? मोडलाय का?"

एवढ्या दुखण्यातही पुष्पावतीला हसू फुटलं. "मोडला न्हाई वो. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात. मी पडले, ऱ्हायला अर्धा. त्या जागी दिशाला धरायचं ठरलंय. अकरावीला हाय ती. माझं बघायला म्हनून भिंगारला मामाकडं ऱ्हाती, तितनं कालेजला जाती. टोळी निघूस्तोर माझा शेक चालला तर पोरगी हितंच ऱ्हाईल. मागनं कोन न्यायला येतंय?"

"नवऱ्याशी बोलून बघा ना."

"बोलले की. मानूस वाईट न्हाई त्यो. पन पोरसवदा हुता तवापासनं ऊसच तोडतोय. त्याला त्यात वावगं दिसतच न्हाई."

मॅडम बोटांत पेन फिरवत राहिल्या. "मशीनवर गर्दी आहे, ताई. तुमचे दिवस वाढले की दुसरी कुणीतरी थांबते."

"म्हनून तर मागाया लाज वाटती."

"आणि मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं कशाला? मोठा बी खराच शेक हाय की."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग फाईल उघडली, एक ओळ खोडली आणि वर दुसरी लिहिली. पुष्पावतीला वाचता येत नव्हतं, पण खोडलेलं दिसत होतं. तिच्या छातीवरचा दगड उतरला.

बिभीषण शिक्का घेऊन आला. "मोठा कोर्स देतेय," मॅडम म्हणाल्या. "मुलीला बरोबर राहू द्या." त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. बिभीषणने मान हलवली आणि बऱ्या हाताला धरून तिला जिन्यावरून खाली आणलं.

गेटबाहेर सीताफळांच्या पाट्या मांडून बायका बसल्या होत्या. तिथं तो थांबला.

"मला भाईर काढून काय सांगितलं त्यांनी?"

"कुटं काय."

"आधी बारका म्हनत हुत्या. मी माघारी येस्तोर मोठा झाला. लई वाढलंय का गं?"

हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. जिना चढून-उतरून येईपर्यंत माणसाचं तोंड इतकं उतरलं होतं की तिला बघवेना. "न्हाई" हा शब्द अगदी ओठावर आला. पण न्हाई म्हटलं की 'मग मोठा कशाला' आलंच, आणि मग दिशाही आली.

"मोठा हाय म्हनल्या," ती खाली बघत म्हणाली. "पोरगी लागंल संगं."

"लागंलच की." त्याने तिथल्या तिथं टोळीच्या वाल्मिक मुकादमाला फोन लावला. "मुकादम, औंदा दिशा न्हाई यायची. न्हाई वो, तिच्या आईचं... ऱ्हाऊ द्या. मी एकटा येतो. अर्ध्याला कुनालाबी जोडा."

जिंकली होती ती. पण फोनवरचं ते 'तिच्या आईचं' तिच्या कानातून जाईना. टोळीची गाडी हलली की लगेच त्याला फोन करून खरं काय ते सांगायचं, असं तिनं मनाशी घट्ट ठरवलं. तीन-चार आठवड्यांचा तर प्रश्न होता, तेवढा घोर माणूस काढतो.

फोन खिशात ठेवून बिभीषण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. उपरण्याने डोळे पुसले. मग पायातल्या चपला काढल्या आणि मोहट्याच्या देवीच्या दिशेने हात जोडले.

"हे काय वो?"

"तू बरी होस्तोर पायात घालायचो न्हाई. बोललो देवीला."

"आन् फडात?"

"फडात बी."

तोडलेल्या उसाचे बुडखे तळव्यात कसे घुसतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तो तापल्या डांबरावरून सीताफळांच्या पाटीकडे निघाला, तिच्यासाठी त्यातलं पिकलेलं निवडायला. पुष्पावतीने बऱ्या हाताने त्याच्या चपला उचलल्या, एकमेकींवर आपटून धूळ झाडली आणि पोटाशी धरल्या.