थांबे

“मला असं पाहिजे, ज्यात ब... ब...”

“बटणं कमी असतील,” वडिलांनी वाक्य पुरं केलं.

दुकानदाराने मान डोलावली आणि एकच गोल बटण असलेली रेकॉर्डिंगची डबी काउंटरवर ठेवली. मुलीला बटणांबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. ‘बारीकशीही खरखर नसेल’ असं म्हणायचं होतं. पण कुणी एकदा वाक्य पुरं केलं, की ते मागे घेऊन पुन्हा सुरू करताना पहिल्यापेक्षा जास्त अडखळायला होतं. सत्तावीस वर्षांत ती एवढं शिकली होती. तिने बोटानेच शेजारची दुसरी डबी दाखवली. तीही काढा, अशी खूण.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर वाचायचं, बोलायचं काही नाही. आठवड्यातून दोनदा मात्र ती अडखळत बोलणाऱ्या मुलांच्या केंद्रात जाऊन गोष्टी वाचून दाखवायची. तिथल्या बाईंनी आता तिला गोष्टी रेकॉर्ड करायला सांगितल्या होत्या. माइक थेट लॅपटॉपला जोडून तिने घरी करून पाहिलं, तर नुसती खरखर. दुसऱ्या कुणाचं वाचन असतं तर शब्दांखाली ती झाकली गेली असती. हिच्या वाचनात थांबे लांब, आणि थांबा आला की खरखर उसळून वर यायची. म्हणून माइक आणि लॅपटॉपच्या मध्ये बसणारा ऑडिओ इंटरफेस हवा होता. घरी आणि केंद्रात दोन्हीकडे नेता येईल, पिशवीत मावेल असा. वडिलांना तिने फक्त ‘रेकॉर्डिंगची डबी घ्यायचीय’ एवढंच सांगितलं होतं. ते लगेच चपला घालून निघाले. दुकानात बोलायला कुणीतरी नको का?

दुकानदाराने पहिल्या डबीला माइक जोडला. “बोला काहीतरी.”

“मी बोलतो की,” म्हणत वडिलांनी हात पुढे केला. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते ते. भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज.

मुलीने त्यांच्याआधी माइक उचलला. पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि वाचायला लागली. “एक होता घड्याळजी. त्याची सगळी घड्याळं म... म...”

दुकानदाराने तेवढंच वाचन तिच्याकडून दुसऱ्या डबीवरही करून घेतलं आणि हेडफोन वडिलांच्या हातात दिले. पहिल्या डबीत कुणीतरी वाळूचं पोतं ओढत असल्यासारखं ऐकू आलं. दुसरीत आवाज लख्ख होता. मुलगी जणू अगदी कानाशी बसून वाचत होती. ‘म’वर ती अडली. आणि त्या शांततेत एक पुरुषी आवाज हळूच, पण स्पष्ट म्हणाला, “मोडकी.”

वडिलांनी हेडफोन काढले. “हे मध्ये कोण बोलतंय?”

दुकानदार स्क्रीनकडे बघत राहिला. मुलीने वडिलांकडे पाहिलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

आपण बोललो हेही त्यांना आठवत नव्हतं. शाळेत, दवाखान्यात, छापखान्याच्या मुलाखतीला, फोनवर, सगळीकडे तिची उत्तरं त्यांनीच दिली होती. पोरीला त्रास नको म्हणून. तिच्या बाजूने ते कसं ऐकू येत असेल, हे आज पहिल्यांदा कळलं.

“पुन्हा घ्या,” ते दुकानदाराला म्हणाले.

ती पुन्हा वाचायला लागली. ‘म’ आला. वडिलांनी ओठ घट्ट मिटले आणि काउंटरची कड धरली. बाहेर कुणीतरी स्कूटर लावली, शटर वाजलं. ‘म’ अजून चालूच होता. दुकानदाराने मदतीच्या आशेने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“मागे पडलेली,” मुलगी म्हणाली, आणि पुढे गेली.

अख्खं पान तिने वाचलं. चार ठिकाणी अडली. चारही ठिकाणी शब्द आला.

“ताई, फार छान वाचता,” दुकानदार म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणत होता. “हे मधले थांबे कसे कापायचे ते दाखवतो. ऐकणाऱ्याला पत्तासुद्धा लागणार नाही.”

“क... कापायचे नाहीत.”

मग सावकाश, जागोजागी थांबत, तिने त्याला समजावलं. केंद्रातली मुलं जन्मापासून कधीच न अडणारे आवाज ऐकत आलीत. त्यांना घरीही एक तरी अडणारा आवाज ऐकू दे. अडलं तरी शब्द येतो, हे त्यांना कळू दे.

दुकानदार हातातलं काम सोडून ऐकत होता. वडीलही ऐकत होते. तीस वर्षं ते घसा फोडून ओरडले होते, पण असं कान देऊन त्यांचं कुणी ऐकल्याचं त्यांना आठवेना. ही त्यांची मुलगी होती. त्यांना एकदम, आपण उगीचच उंच झालोय, असं वाटायला लागलं.

मुलीने दुसरी डबी निवडली. दुकानदाराने गॅरंटीचं कार्ड भरायला घेतलं. नाव, पत्ता तिने सांगितला.

“व्यवसाय?” सवयीने त्याने वडिलांकडे पाहिलं.

वडील ताठ उभे राहिले. “माझी मुलगी...” ते म्हणाले, आणि अडले. पुढचा शब्द काही केल्या बाहेर येईना. त्यांनी खाकरून पाहिलं. पुन्हा तोंड उघडलं.

दुकानदाराने पेन टेकवलं. “नोकरी लिहू का?”

“थ... थांबा,” मुलगी म्हणाली. “बाबा सांगतायत.”