दगडावरचे आजोबा

आजही दगड रिकामाच होता.

ताईंनी एकेक फोटो पुन्हा पाहिला. पहाटेची कुत्री, दुपारी पाण्यावर उतरलेला बगळा, वाऱ्याने हललेलं गवत. संध्याकाळच्या फोटोंत नदीकाठचा तो सपाट दगड, आणि त्यावर नुसतं ऊन.

नदीकाठची ती जागा विद्यापीठाची. पाणमांजरं अजून तिथे येतात का, हे बघायला वाळुंजाच्या झाडाला कॅमेरा बांधलेला. समोर काही हललं की तो त्याचा फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. विभागाच्या संग्रहाच्या खोलीत, पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या कपाटांमध्ये बसून ताई त्या फोटोंची वर्गवारी करायच्या. प्राणी, पक्षी, माणूस. माणूस असेल तर फोटो पुसायचा, असा सरांचा दंडक होता.

आजोबा मात्र त्यांच्याच्याने कधी पुसवले नाहीत.

चौकड्यांची टोपी, हातात काठी. उन्हं कलली की यायचे, वहाणा काढून दगडावर बसायचे, पाण्यात पाय सोडायचे. कधी संत्रं सोलायचे. कधी नुसतं तोंड हलताना दिसायचं. स्वतःशी बोलत असतील, नाहीतर गात असतील. ताई दुपारी डबा उघडायच्या तो आदल्या संध्याकाळचे आजोबा समोर ठेवून. "आज स्वेटर घातला वाटतं. बरं केलंत," असं पडद्याशी बोलूनही जायच्या. ऐकायला होतं कोण? कपाटातली घुबडं.

एवढ्या म्हाताऱ्या माणसाला घरी विचारणारं कुणी नसणार, नाहीतर रोज एकटा कशाला येऊन बसेल, हे त्यांनी मनाशी केव्हाच धरून टाकलं होतं. आता दगड रिकामा, म्हणजे पडले असतील घरात. पेलाभर पाणी द्यायलाही कुणी नसेल.

त्यांनी संगणक बंद केला. "कॅमेऱ्याची बॅटरी बघून येते," असं विद्यार्थ्यांना सांगितलं आणि बस पकडली.

फोटोंत आजोबा नेहमी डावीकडून यायचे. ताई दगडापाशी पोचल्या आणि तिकडची पायवाट धरून निघाल्या. वाट पहिल्या घरांपाशी संपली. तिथल्या दुकानदाराला त्या टोपीचं वर्णन करून सांगू लागल्या, तर त्याने पुरतं ऐकूनही न घेता समोरच्या निळ्या दाराकडे बोट दाखवलं.

दार आजोबांनीच उघडलं. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. डोक्यावर टोपी नव्हती. त्यांना टक्कल आहे, हे ताईंना माहीतच नव्हतं.

ताईंचा जीव भांड्यात पडला. "पायाला काय झालं हो?" त्या एकदम म्हणाल्या.

"आपण कोण?"

"मी... विद्यापीठातून आले. नदीवर कॅमेरा आहे ना, त्याचं काम बघते."

"कसला कॅमेरा?"

"दगडासमोरच्या झाडाला बांधलाय. हिरवा डबा."

"तो होय! मला वाटलं, पाणी किती चढतं ते मोजतात त्यात." मग त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे मी दिसतो त्यात?"

"दिसता."

"आणि तुम्ही बघता?"

"माणसांचे फोटो पुसायचे असतात. पुसायला बघावे लागतात," ताई म्हणाल्या. आपलं बोलणं त्यांचं त्यांनाच लंगडं वाटलं.

तेवढ्यात आत काहीतरी धाडकन पडलं. दोन मुलं किंचाळत एकमेकांमागे धावली, टीव्हीचा आवाज वाढला, तान्हं रडायला लागलं, आणि त्या सगळ्यावर एक बाई ओरडली. आजोबांनी क्षणभर डोळे मिटून घेतले. मग कुबडी टेकत उंबऱ्याबाहेर आले आणि दार मागे ओढून घेतलं.

"ऐकलंत?" ते हळूच म्हणाले. "माणसं चांगली आहेत हो, जीव लावतात. पण दिवसभर कुणी ना कुणी बघतच असतं. बाबा जेवले का, बाबा गोळी घेतली का, बाबा कुठे निघालात. तासभर कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तिकडे जाऊन बसतो. घरात कुणाला पत्ता नाही. आणि तुम्ही म्हणता..."

ते रागावले नव्हते. बसलेल्या जागेवरून कुणी उठवावं, तसे दिसत होते. "आता दुसरीकडे कुठे शोधू? हा असा पाय घेऊन?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. फोटोंत हा चेहरा इतका जवळ कधी आला नव्हता.

"तिथेच बसा," त्या म्हणाल्या. "जाताना कॅमेरा फिरवून ठेवते, वरच्या अंगाला. पाणमांजरं काय, तिकडूनही जातील. तुम्ही नाही दिसणार."

"नक्की?"

"नक्की."

"कुणालाच?"

ताईंना पडद्यासमोरचा दुपारचा डबा आठवला. "कुणालाच."

आजोबा खुलले. पोराने खोडी पचवावी तसे हसले.

"बाबा, दारात कोण आलंय?" आतून सुनेचा आवाज आला.

आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं, ताईंकडे बघून डोळे मिचकावले आणि दार जरासं उघडून आत तोंड घातलं.

"कुणी नाही गं."