न गेलेला मेल

नागपूरच्या एका शाळेत समृद्धीला नोकरी लागली होती. होकाराचा मेल पाचच्या आत पाठवायचा होता, पण तो मोबाइलच्या आउटबॉक्समधून हलतच नव्हता.

गावी, हुडको कॉलनीतल्या घरी तिचे बाबा, मारोतराव, सेटिंग तपासत होते. "सर्व्हर बरोबर, पासवर्ड बरोबर. मंग कावून नाही जाऊन राहिला?"

तेवढ्यात शाळेतून फोन आला.

"तुमचा मेल मिळाला. वाचून फार वाईट वाटलं."

"पण मॅडम, मेल तर गेलाच नाही!"

"आलाय की. 'साडेचारला बाबा गेले, आता आईला सोडून येता येणार नाही,' असं तुम्हीच लिहिलंय."

समृद्धीनं घड्याळ पाहिलं. चार पंचवीस झाले होते.

मारोतराव तिच्या खांद्यावरून मोबाइलकडे वाकले. "पाय बरं आता, बेटा. गेला का?"