उरलेली पट्टी

पाळणाघर बंद, म्हणून लेकीला घेऊनच मी पेशंट आजींकडे ड्रेसिंगला गेले. त्यांच्या पायाची जखम वर्षभर भरत नव्हती. मी त्यांचा पाय मांडीवर घेतला, कोमट पाण्यानं धुतला, बोटांच्या बेचक्यासुद्धा टिपल्या. लेक गाल फुगवून बघत होती. "मला आंघोळ घालताना नुसतं आटप, आटप करतेस," ती फणकारली. "आजी, तुमची जखम मला द्या ना!" आजी खदखदून हसल्या. "अगं बये, हेवा करायला माझी तंगडीच सापडली का तुला? घे, आत्ता घे!" मला हसू येईना. त्यांची पट्टी बांधून होताच लेकीनं मोजा काढून आपला धडधाकट पाय माझ्या मांडीवर ठेवला. पुढचा पेशंट खोळंबला होता. तरी उरलेली मऊ पट्टी मी तिच्या पायाला सावकाश गुंडाळली. तिनं मला ऐटीत विचारलं, "सिस्टर, परवा नक्की याल ना?"