नातवाचं खेळणं

जेवणाच्या टेबलावर पुन्हा तो रोबो आडवा पडला होता. भाजीचं भांडं टेकवायला जागा नव्हती. निवृत्त न्यायाधीश नाकावर चष्मा ओढून त्याच्या कमरेच्या सांध्यात नेलपॉलिशचा ब्रश फिरवत होते. त्या उग्र वासात जेवायचं कसं म्हणून त्यांच्या मुलीने खिडकी सताड उघडली.

"सांधा सैल झालाय," बाबा म्हणाले. "हे वाळलं की घट्ट बसेल."

"बाबा, ती माझी बाटली आहे."

"म्हणून तर घेतली. घरात बिनरंगी तेवढी एकच."

त्यांनी फुंकर घातली, थोडा धीर धरला आणि मग रोबोचा शिडीवाला ट्रक करायला घेतला. आधी कंबर फिरवली, मग पाय दुमडले. दोन्ही हात पाठीवर वळून शिडीखाली गडप झाले. हात खरोखर बेमालूम जायचे. कोणी विचारलं असतं तर तिलाही ते कबूल करावं लागलं असतं. बाकी सगळा आनंदच होता. चंदेरी मुलाम्याचे पोपडे निघाले होते, त्यांवर तेलकट बोटांचे ठसे. पाय जुळतात तिथे ही एवढी फट. आणि ट्रक उलटा केला की तळाशी रोबोचा चेहरा, चाकाखाली सापडलेल्या माणसासारखा वर बघणारा.

"चेहरा लपवायला हवा होता. गुन्हा शाबीत आहे," बाबा म्हणाले. "पण हातांकडे बघून शिक्षा कमी करतो."

बेल वाजली. समोरच्या काकू घराची किल्ली ठेवायला आल्या होत्या. त्यांची नजर टेबलाकडे वळताच मुलगी म्हणाली, "भाच्याचं आहे." कोणीही आलं की ती हेच सांगायची.

"नातू फार हट्टी हो," बाबांनी गंभीरपणे मान डोलावली. "जेवतानासुद्धा हातातून सोडत नाही."

काकू हसल्या. मुलीने फडकं साबणात बुडवलं आणि टेबल खसाखसा पुसून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमचं दार तोडावं लागलं.

मग माणसं सांत्वनाला येत राहिली. साहेब करारी. साहेब कधी हसले नाहीत. साहेबांना कायद्याच्या पुस्तकांपलीकडे जग नव्हतं. आठवडाभरात बाबांचा पार पुतळा झाला. मुलगी सगळ्यांना चहा देत होती.

एका दुपारी बाबांच्या कोर्टातले एक वकीलसाहेब आले होते. त्यांचं बिस्किट चहात पडलं. त्यांनी ते बोटांनी उपसून तोंडात टाकलं, बोटं चोखली आणि त्याच बोटांनी टेबलाच्या कडेचा रोबो उचलला. तो अर्धवट होता. हात शिडीखाली गेलेले, पाय अजून माणसाचे.

"नातवाचं वाटतं?"

मुलीने चहाचा ट्रे खाली ठेवला. वकीलसाहेबांनी एक पाय पिळायला सुरुवात केली.

"आधी कंबर फिरवावी लागते," ती म्हणाली.

"अहो, पोरं काय बघून फिरवतात? या असल्या वस्तूंना जरा जोर..."

कट्‌ असा आवाज झाला. पाय त्यांच्या हातात आला. चाकावर बिस्किटाचा लगदा लागला होता.

"तकलादू माल," ते म्हणाले. "साहेबांच्या घरात हे असलं शोभतही नाही. नातवाला दुसरं काहीतरी घेऊन द्या, बुद्धीला चालना देणारं."

तिने त्यांच्या हातातून आधी पाय घेतला, मग धड घेतलं.

"नातवाचं नाही," ती म्हणाली. आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आली. "माझ्या बाबांचं आहे. ते याच्याशी खेळायचे, वकीलसाहेब. रोज खेळायचे."