शेवटचा टाका
आरोग्य खात्याच्या आशाताईनं वाटलेली, डास मारायचं औषध लावलेली मच्छरदाणी आसाराम महिनाभर तलावात ओढत होता. "पाह्य शकुन, एकबी पिल्लू सुटत नाही हिच्यातून!" बायको काठावरून ओरडली, "पोरगी तापानं फणफणून राहिली, अन् तुम्ही मासोऱ्या धरून राहिले!" तेवढ्यात जाळी खुंटाला अडकून फाटली आणि भोकातून भलामोठा मरळ मासा निसटला. संध्याकाळी आशाताईनं पोरीचं बोट टोचून रक्त तपासलं. मलेरिया निघाला. "हिले गोळ्या देते. पण धाकल्या बाळाले मच्छरदाणीतच झोपव, शकुन. दिली होती ना तुले?" "हो," शकुन म्हणाली. औषध केव्हाच तलावात धुऊन गेलं होतं. तिनं शेवाळाच्या वासाची ती जाळी पोरीच्या खाटेशेजारी पाळण्यावर टांगली, कडा खोचल्या आणि भोक शिवायला घेतलं. शेवटचा टाका घालून तिनं दातानं दोरा तोडला. आत, बाळाच्या कानाशी, एक डास गुणगुणत होता.