घरचं मैदान

मोसमाचा आढावा घ्यायला हॉकी क्लबचे अध्यक्ष दोन तास उशिरा आले. घरच्या प्रत्येक मॅचला नारळ फोडायला येतात, अगदी तसेच. तोवर संघातल्या पोरी स्वागताची फुलांची ताटं धरून संगमनेरच्या उन्हात रांगेनं उभ्या होत्या. कॅप्टन जयाच्या तर मस्तकात तिडीक गेली होती.

अध्यक्षांनी आल्या आल्या आकडेवारीचा कागद फडकावला. "बाहेरगावच्या सगळ्या मॅच जिंकता, अन् घरच्या मैदानावर एकही नाही? खेळ सुरू होत नाही तोच धापा टाकता! लाजा वाटत नाहीत? इथंच काय धाड भरते तुम्हाला?"

जयानं कोमेजलेल्या फुलांचं ताट त्यांच्यापुढं आदळलं.

 

"बाहेरगावी नारळ फोडायला तुमी येत न्हाई, सायेब."